एकतीस पोरांची एक आत्या

नोटीस आली तेव्हा डिंपल वावरात भेंडी तोडत होती. मनाली बांधावरून पळत आली. चप्पल हातात, ओढणी काटेरी कुंपणात अडकून अर्धी तिथंच राहिलेली. पाटापाशी उभी राहून तिनं आधी दम खाल्ला.

"डिंपे, आपण सारेच्या सारे कॉपीत धरलो व! एकतीसच्या एकतीस!"

"पेपर होऊन दीड महिना झाला. आता कोण धरते?"

"मंडळ धरते. पेपर तपासता तपासता सायबाले एकतीस जणाची एकच आत्या सापडली."

डिंपलला पुढचं काही विचारावं लागलं नाही, कारण ती आत्या तिची होती. आणि ती आत्या, झुंबरबाई, चार सऱ्या पलीकडे खुरपत बसली होती आणि तिला यातलं काही म्हणता काही माहीत नव्हतं.

गाव निंबोळखेड. मलकापुराहून धामणगाव बढ्याकडं जायला लागलं की डाव्या हाताला फाटा लागतो, तिथून आत दोन कोस. गावात ज्युनिअर कॉलेज आहे, नुसतं आर्ट्सचं, पत्र्याचं. तिथं हरिओम सर इंग्रजी शिकवतात. माणूस वाईट नाही. पण कॉलेजातल्या मास्तराच्या डोक्यावर एक तलवार कायम टांगलेली असते. विषयाला पोरं पुरली नाहीत की मास्तर 'अतिरिक्त' ठरतो आणि त्याला उचलून कुठं टाकतील त्याचा भरवसा नसतो. म्हणून दर जूनमध्ये हरिओम सर फॉर्मांचा गठ्ठा घेऊन दारोदार फिरतात. इंग्रजी साहित्य हा जादा विषय घ्या म्हणतात. पोरांना इंग्रजी वाचता येत नाही, हे पोरांनाही माहीत असतं आणि सरांनाही.

डिंपलच्या दारी आले तेव्हा तिचा बाप कडूबा फवारणीचा पंप धूत बसला होता.

"पोरगी इंग्रजी साहित्य शिकन," सर म्हणाले.

"साहित्य म्हंजे? कोणतं? फवारणीचं का?"

"कविता, गोष्टी, नाटकं. पास करायची जबाबदारी माझी."

"मंग घ्या लिहून," कडूबा म्हणाला. "पास व्हायचं असन त काय बी शिकवा."

अशी एकतीस पोरं गोळा झाली. सर कविता वाचत, तिचा अर्थ मराठीत सांगत, मग गाइडातून उत्तर सांगत. पोरं उतरून घेत आणि पाठ करत. गणेश म्हणून एक पोट्टा होता. तो पान पान उत्तर एका दमात म्हणायचा, ट्रॅक्टर एकाच गिअरात चालवावा तसा. वाक्य कुठं संपलं, कुठं सुरू झालं, त्याला पत्ता नसायचा. पण एक अक्षर इकडचं तिकडं होत नसे. वर्गात त्याचा मोठा मान होता.

डिंपलही अकरावीत तशीच शिकली. बिघडलं ते बारावीत, दिवाळीनंतर, बुजगावण्याच्या कवितेनं.

कवितेत एक गोरी बाई आहे. नवरा मेल्यावर ती त्याचा जुना कोट बागेतल्या बुजगावण्याला घालते. रोज सकाळी खिडकीचा पडदा बाजूला करते, एक क्षण तिकडं पाहते आणि चहा ठेवायला जाते. बस. कवितेत दुसरं काही होत नाही. सरांनी ती दहा मिनिटांत संपवली. पण खाली प्रश्न होता, की या कवितेशी जुळणारा तुमचा स्वतःचा अनुभव लिहा. सरांनी गाइड उघडलं. गाइडात त्या प्रश्नाखाली छापलं होतं, 'विद्यार्थ्यांनी स्वतः लिहावे.' सरांनी पान उलटून पाहिलं, परत उलटून पाहिलं. गाइडानं असा दगा याआधी कधी दिला नव्हता.

"लिहून आणा उद्या," सर शेवटी म्हणाले. "जसं जमन तसं."

दुसऱ्या दिवशी एकट्या डिंपलनं लिहून आणलं. दीड पान. मोडकं तोडकं इंग्रजी, पण तिचं. त्यात आत्या होती. आत्याचा नवरा तुळशीराम मलकापूरच्या कापसाच्या जिनिंगात कामाला होता आणि आठ वर्षांमागं वारला. आत्या भावाच्या घरी परत आली. डिंपलनं लिहिलं होतं, की माझ्या झुंबरबाई आत्यानं भेंडीच्या कडेला लावलेल्या मक्यात बुजगावणं उभं केलं आणि त्याला तुळशीरामाचा निळा शर्ट घातला. ती म्हणाली, यानं जिवंतपणी काही काम केलं नाही, आता तरी करू दे.

सरांनी ते दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना हसले. मग चार चुका दुरुस्त केल्या, खडू घेतला आणि अख्खंच्या अख्खं फळ्यावर लिहिलं.

"उतरून घ्या. हा प्रश्न हमखास येते."

मनालीनं हात वर केला. "सर, याच्यात झुंबरबाई हाये. माही आत्या त निर्मलाबाई हाये. नाव बदलू का?"

"काही बदलू नका. बदलायले गेले की चुकता."

तर अशी ती आत्या एकतीस घरांत शिरली. जानेवारीभर गल्लीगल्लीत पोट्टे म्हणत सुटले. म्हशीला पाणी पाजताना म्हणत, नळावर म्हणत. झुंबरबाई एक दिवस थबकली.

"हे पोट्टे माह्यं नाव काऊन घेऊन राह्यले?"

"परीक्षेत प्रश्न हाये आत्या तुह्यावर," डिंपल म्हणाली.

"माह्यावर? मंग झाले पास!" असं म्हणून ती पाटी उचलून चालती झाली. आत काय लिहिलं आहे ते तिनं विचारलं नाही आणि डिंपलनं सांगितलं नाही.

आता नोटीस आली होती. सरांनी त्याच दिवशी संध्याकाळी सगळ्यांना कॉलेजात बोलावलं. चेहरा पार उतरलेला. परवा गुरुवारी अमरावतीला मंडळाच्या कार्यालयात चौकशी आहे, एकेक पालक बरोबर घेऊन या, म्हणाले. परीक्षेच्या हॉलमध्ये कोणीतरी उत्तर सांगितलं आणि सगळ्यांनी लिहिलं, असा संशय आहे. सिद्ध झालं तर ही परीक्षा रद्द, आणि पुढच्या दोन परीक्षांना बसता येणार नाही.

डिंपल मनात हिशेब करत होती. बुलढाण्याला नर्सिंगचा कोर्स आहे, आर्ट्सवाल्यांनाही घेतात, त्याचा फॉर्म जूनमध्ये भरायचा. दोन परीक्षा गेल्या म्हणजे दीड वर्ष गेलं. आणि दीड वर्षात कडूबा काय थांबतो! त्यानं आधीच सांगून ठेवलं होतं, यंदा पास झाली तर पुढं शिक, नाही तर भेंडी हाये अन् सोयरीक हाये.

"घाबरू नका," सर म्हणाले. "हॉलमध्ये कोणी सांगितलं नाही. तुम्ही घरून पाठ करून गेले होते. पाठांतर काही गुन्हा नाही. तिथं सायब म्हणतील, म्हणून दाखव. घडाघडा म्हणायचं. म्हणता आलं तो सुटला."

"अन् नाही आलं त?" गणेशनं विचारलं. त्याला स्वतःची काळजी नव्हती, उगाच मजा पाहत होता.

"नाही आलं तो गेला."

सगळे निघाल्यावर डिंपल मागं राहिली. "सर, मले ते पाठ नाही."

"तूच त लिहिलं होतं!"

"म्हणूनच पाठ नाही."

सर खुर्चीवर बसले. फळ्याकडं पाहून म्हणाले, "दोन दिवस हायेत. मनालीची वही घे अन् घोक. आणि एक सांगतो पोरी. हे माह्यं हाये असं तिथं तोंडातून काढू नको. एका पोरीचं उत्तर मास्तरनं साऱ्या वर्गाले वाटलं, हे कागदावर आलं त माही नोकरी गेली समज. गाइडातलं होतं म्हण."

दोन दिवस डिंपलनं घोकलं. मनालीच्या वहीत स्वतःचंच वाक्य वाचताना तिला ते परक्याच्या घरातल्या आपल्या भांड्यासारखं दिसायचं. तीन वाक्यं नीट यायची. चौथ्याला जीभ दुसरीकडंच वळायची. तिथं दुसरा शब्द बरा वाटायचा, मग तिसरा. गणेशला असं कधी होत नसे, कारण त्याला कोणताच शब्द बरा किंवा वाईट वाटत नसे.

बुधवारी कडूबाला मळ्यात पाणी द्यायची पाळी लागली. विजेची लाइन रात्रीची आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत. पालक म्हणून कोण जाणार?

"मी जातो," झुंबरबाई म्हणाली. "नाव माह्यं हाये ना? मंग माह्यासमोरच होऊ द्या काय ते."

डिंपलला रात्रभर झोप नाही. मंडळाची भीती एकीकडं आणि आत्याची दुसरीकडं.

पहाटे मलकापूरला पॅसेंजर पकडली. एकतीस पोरं, त्यांचे आईबाप, डबे, पाण्याच्या बाटल्या. लग्नाचं वऱ्हाड असावं तसा डबा भरला, पण कोणाच्या तोंडावर हसू नव्हतं. अकोला येईपर्यंत पोरं घोकत होती. गणेश खिडकीशी उभा राहून मोठ्यानं म्हणत होता. मधे झुंबरबाई आलं, मग तुळशीराम आलं. आत्यानं मान वर केली.

"ए गणेश. माह्या मालकाचं बी नाव हाये का त्याच्यात?"

"हाव ना आत्या."

"काय लिहिलं हाये?"

"मले काय मालूम? मले इंग्रजीतून येते, मराठीतून नाही येत."

डब्यातले दोन-तीन जण हसले. आत्या नाही हसली. तिनं डिंपलकडं तोंड केलं. "तू सांग."

"चांगलंच लिहिलं हाये," डिंपल म्हणाली आणि वहीत डोकं घातलं. आत्यानं पुढं काही विचारलं नाही. पण बडनेरा येईपर्यंत ती खिडकीबाहेर पाहत नव्हती, डिंपलच्या मानेकडं पाहत होती, आणि डिंपलला ते मान वर न करता कळत होतं.

कार्यालयात लांब व्हरांडा, बाकडी, आणि पंखा असा की वाऱ्यापेक्षा आवाज जास्त. आत खोलीत टेबलामागं तिघं. मधे एक मॅडम, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. एका बाजूला जाडसर साहेब, समोर फाइल उघडी. दुसऱ्या बाजूला एक म्हातारे गृहस्थ, जे दिवसभर काही बोललेच नाहीत. टेबलावर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे.

पोरांना पाच-पाच करून आत घेतलं. दार अर्धं उघडं होतं, सगळं ऐकू येत होतं. पहिल्या तुकडीत गणेश. मॅडम म्हणाल्या, म्हण. गणेशनं डोळे मिटले आणि गिअर टाकला. मधे मॅडमनी दोनदा हात वर केला तरी थांबला नाही. शेवटचं वाक्य संपवूनच डोळे उघडले.

"तुझी आत्या कुठं असते?" मॅडमनी विचारलं.

"मले आत्याच नाही मॅडम. आजीले पाचही पोरगेच."

"मग ही झुंबरबाई कोण?"

"ते पाठ हाये."

मॅडमनी जाडसर साहेबांकडं पाहिलं. साहेबांनी कपाळ चोळलं. दुसऱ्या तुकडीनं तेच म्हटलं, तिसरीनंही. कुठं स्वल्पविराम नाही, कुठं श्वास नाही, पण शब्द तेच. बारा वाजेपर्यंत साहेबांची खात्री पटत गेली, की हे हॉलमध्ये सांगितलेलं नाही, हे यांच्या हाडात मुरलेलं आहे. एकेक नावापुढं ते बरोबरची खूण करत गेले. बाहेर आलेली पोरं व्हरांड्यात डबे सोडून बसली. मनालीही सुटली. तिनं डिंपलचा हात दाबला.

तीस झाले. डिंपलला कोणी हाकच मारेना. मग शिपाई आला. "राऊत डिंपल कडूबा. एकटीच. आणि ते सर कोण आहेत, त्यांनीही आत यायचं."

तिची उत्तरपत्रिका गठ्ठ्यात नव्हती, वेगळी ठेवलेली होती. तिनं ते आत शिरताच पाहिलं.

"म्हण," मॅडम म्हणाल्या.

तिनं सुरुवात केली. पहिलं वाक्य आलं, दुसरं आलं, तिसरं आलं. चौथ्यापाशी, जिथं तुळशीरामानं जिवंतपणी काम केलं नाही असं होतं, तिथं थांबली. परत मागून सुरू केलं. परत तिथंच थांबली. दाराबाहेर आत्या बसली होती, तिचं लुगडं दिसत होतं.

"येत नाही?"

"नाही मॅडम."

जाडसर साहेब पुढं सरकले. "तीस जणांना येतं, हिला येत नाही. आणि हिचा पेपर बघा. निम्मं बाकीच्यांसारखं, निम्मं वेगळं. म्हणजे काय? समोरच्याचं बघून लिहिलं, आणि जितकं दिसलं तितकंच लिहिलं. कोणाचं बघितलंस गं?"

"कोणाचं नाही."

"मग हे कुठून आलं?"

सर भिंतीला टेकून उभे होते. डिंपलनं त्यांच्याकडं पाहिलं. त्यांनी मान इतकी हळू हलवली की दुसऱ्या कोणाला दिसली नसती. गाइडातलं म्हण. पण गाइडातलं म्हटलं तर पाठ का नाही, हा प्रश्न पुढं उभाच होता. सुटायला दुसरी वाट नव्हती.

"ते माह्यंच हाये," ती म्हणाली. "मी लिहिलं. सरांनी फळ्यावर लिहिलं. बाकीच्यांनी माह्यं पाठ केलं."

सरांनी डोळे मिटले. साहेब हसले, पण चांगलं हसले नाहीत. "सगळ्या गावाला तुझं पाठ, आणि तुझंच तुला पाठ नाही?"

"पालक कोण आलंय?" मॅडमनी विचारलं.

"आत्या."

"हीच का ती? झुंबरबाई? बोलवा आत. त्यांनाच विचारू."

डिंपलला वाटलं, जमीन फाटली तर बरं. झुंबरबाई आत आली. खुर्ची दाखवली तरी बसली नाही. पदर कानामागं घेतला आणि हात बांधून उभी राहिली.

"तुम्ही बुजगावण्याला नवऱ्याचा निळा शर्ट घातला होता का?"

"हाव. बाहीत फाटला होता. दुसरं काही हाताशी नव्हतं."

मॅडमनी मान हलवली. साहेबांनी खूण करायला पेन उचललं. मॅडम गठ्ठ्यातली एक पत्रिका ओढून पुढं वाचू लागल्या. "आणि तेव्हा तुम्ही म्हणालात, यानं जिवंतपणी काही काम केलं नाही, आता तरी करू दे?"

आत्यानं बांधलेले हात सोडले.

"कोण म्हणलं असं?"

"तुम्ही. असं लिहिलंय."

"मी?" आत्याचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "बाई, तो माणूस जिनिंगात गाठी वाहे. पाठीवर. सकाळी चारले जाये, अंधारात येये. त्याच्या पाठीची कातडी बैलाच्या मानेसारखी झाली होती. शेवटच्या दिवशीबी कामावरूनच आणला त्याले. त्यानं काम नाही केलं? कोणी लिहिलं हे?"

आत्यानं वळून डिंपलकडं पाहिलं. गाडीत जे विचारायचं राहिलं होतं, त्याचं उत्तर तिला आता मिळालं होतं.

"झालं," साहेब म्हणाले आणि फाइल पुढं ओढली. "पाठही नाही आणि आत्याही म्हणते खोटं. हिचं प्रकरण वेगळं करा मॅडम. तीस जणांना सोडू, हिला ठेवू."

त्यांनी लिहायला सुरुवात केली. डिंपलला पेनाचं टोक कागदावर घासताना ऐकू येत होतं. नाव लिहिलं गेलं. पुढं बैठक क्रमांक.

"ते वाक्य मी बनवलं होतं," ती म्हणाली.

साहेबांनी मान वर केली नाही. मॅडमनी केली.

"शर्ट खरा हाये. मका खरा हाये. वाक्य खोटं हाये. आत्या काहीच बोलली नव्हती. पण कवितेतली बाईबी काही बोलत नाही, नुसती पाहते. मले वाटलं आमची बाई त शिव्या देणारी, तिच्या तोंडात काहीतरी पाहिजे. म्हणून मी घातलं. सरांना हसू आलं. मले चांगलं वाटलं." ती आत्याकडं पाहायचं टाळत होती. "मंग तीस जण दोन महिने तेच म्हणत होते, नळावर, रस्त्यावर. ऐकू ऐकू मलेच समजलं की हे खोटं हाये. पेपरात मी ते नाही लिहिलं."

"काय नाही लिहिलं?"

"ते वाक्य. काढून टाकलं. पाहा ना तुम्ही."

मॅडमनी तिची उत्तरपत्रिका उचलली. डिंपलला दिसू नये अशी उभी धरली. खोलीत एकदम सगळे नीट बसल्यासारखे झाले. म्हातारे गृहस्थही.

"मग त्या जागी काय लिहिलंस? इंग्रजीत नको. तुझ्या बोलीत सांग."

डिंपलनं क्षणभरही विचार केला नाही. हे पाठ केलेलं नव्हतं, हे तिनं पाहिलेलं होतं.

"आत्या त्या बुजगावण्याकडं कधी पाहत नाही, असं लिहिलं. खुरपायले कोणत्याबी सरीत बसली त त्याच्याकडं पाठ करून बसते. इकडून सुरू केलं तरी, तिकडून सुरू केलं तरी. कवितेतली बाई रोज पडदा उघडून पाहते, आमची रोज पाहत नाही. पण न पाहायले बी ते कुठं उभं हाये हे ध्यानात ठेवाच लागते. असं लिहिलं."

मॅडमचं बोट ओळीवरून चालत होतं. शेवटाला येऊन थांबलं. त्यांनी पत्रिका म्हाताऱ्या गृहस्थांपुढं सरकवली. त्यांनी वाचली, मग चष्मा काढला आणि साहेबांपुढं सरकवली. साहेबांनी सगळ्यात जास्त वेळ घेतला. मग आपण लिहिलेलं नाव आणि बैठक क्रमांक यांवर एक सरळ रेघ मारली.

"मास्तर," मॅडम म्हणाल्या, "पोरीचं उत्तर फळ्यावर लिहून दिलंत?"

"हो मॅडम."

"निदान नाव तरी बदलायला सांगायचं."

"बदललं की चुकतात मॅडम."

"लेखी खुलासा द्याल. ताकीद मिळेल. पुढच्या वर्षी असा प्रश्न आला की प्रत्येकाची आत्या वेगळी पाहिजे." मॅडमनी कागदावर काही लिहिलं, सही केली आणि शिक्का मारला. निकाल राखून ठेवण्याचे कारण नाही, असं लिहिलं होतं. डिंपलनं ते उलटं वाचलं. "जा."

जिन्यावर आत्या पुढं, डिंपल मागं. मधल्या वळणावर आत्या थांबली. डिंपलला वाटलं, आता थोबाडीत बसते.

"मी उन्हाकडं पाठ करतो वं," आत्या म्हणाली. "डोळ्यात ऊन जाते म्हणून."

सकाळी ऊन एकीकडून असतं आणि दुपारनंतर दुसरीकडून, हे दोघींनाही माहीत होतं.

परतीच्या गाडीत आत्यानं सगळं विचारून घेतलं. ओळ न् ओळ मराठीत करून घेतली, फळ्यावरची वेगळी आणि पेपरातली वेगळी. पेपरातल्यावर काहीच बोलली नाही. फळ्यावरच्याला म्हणाली, "हे वाक्य त्या पोट्ट्यायच्या तोंडून काढायले लाव."

समोरच गणेश शेंगदाणे खात बसला होता. "आत्या, आता नाही निंगत ते. पाठ झालं ना."

"मंग दुसरं पाठ कर. तो राबे, असं कर."

"मधलं एक बदललं की माह्यं पुढचं सारं जाते," गणेश अगदी खरं बोलला.

मेअखेरीस निकाल लागला. एकतीसच्या एकतीस पास. इंग्रजी साहित्यात गणेशला डिंपलपेक्षा तीन मार्क जास्त, त्याचं तिला काही वाटलं नाही असं नाही. पण फॉर्म मुदतीत गेला, नाव यादीत आलं, आणि आता ती बुलढाण्याला होस्टेलवर राहून नर्सिंग करते. हरिओम सरांना ताकीद मिळाली, ती त्यांनी कपाटात ठेवली आणि जूनमध्ये गठ्ठा घेऊन परत दारोदार निघाले.

गणेश फाट्यावर पंक्चरच्या दुकानात बसतो. रविवारी डिंपल घरी येते तेव्हा आत्या तिला घ्यायला फाट्यावर जाते. आत्या दिसली की त्याच्या अंगात येतं. हातात पाना, समोर फाटकी ट्यूब, आणि तोंडानं अख्खं इंग्रजी सुरू, पहिल्या वाक्यापासून. चौथं वाक्य आलं की रस्त्याच्या पलीकडून आत्या ओरडते:

"राबे बे तो, मेल्या! राबे!"

गणेश थांबत नाही. त्याला थांबता येतच नाही.